जुन्या एक्सोसेटमध्ये १.८ व्हीव्हीटी इंजिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या दोन वर्षांत मला हेच प्रश्न फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि एकदा तर लेस्टरमधल्या एका मुंजीच्या पंगतीत विचारले गेले. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. मी धंद्याने मेकॅनिक नाही. माझ्या गाडीत हे काम मी स्वतः केलं, अर्धं चुकवून पुन्हा केलं, एवढाच माझा अधिकार.

एक्सोसेट म्हणजे कोणती गाडी?

ब्रिटनमधल्या एमईव्ही कंपनीची किट कार, म्हणजे सुटे भाग घेऊन घरी जोडायची गाडी. स्टुअर्ट मिल्स यांचं डिझाइन, २०१० च्या सुमारास बाजारात आली. माझ्दा एमएक्स-५ घ्यायची, तिचं गंजलेलं पत्र्याचं अंग फेकून द्यायचं आणि इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, सस्पेन्शन, स्टीअरिंग हे सगळं नळ्यांच्या उघड्या सांगाड्याला बोल्टने जोडायचं. ना दरवाजे, ना छप्पर. वजन साधारण साडेसहाशे ते सातशे किलो, म्हणजे मूळ एमएक्स-५ पेक्षा पाव टन तरी कमी.

त्या काळात स्वस्तात मिळणारी डोनर गाडी (जिचे भाग काढून घ्यायचे ती) म्हणजे पहिल्या पिढीची, १.६ लिटरची एमएक्स-५. त्यामुळे सुरुवातीच्या पुष्कळ एक्सोसेटमध्ये तेच इंजिन आहे, आणि आता ते पस्तिशीकडे झुकलंय.

पण १.६ मध्ये वाईट काय आहे?

काही नाही. गोड इंजिन आहे, वर फिरायला आवडतं त्याला. १५९७ सीसी, ११५ च्या आसपास अश्वशक्ती. मात्र ब्रिटनमध्ये १९९५ पासून विकलेल्या १.६ ची ताकद कमी करून ९० च्या घरात आणली होती. तुमची डोनर त्यातली असेल तर तुम्हाला ओव्हरटेक करताना ते आधीच कळलं असेल.

दुसरं कारण क्रँकचं. अगदी सुरुवातीच्या, साधारण १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं, पुढचं टोक आखूड आहे. पुली धरून ठेवणारा बोल्ट एकदा जरी ढिला राहिला तर पुली क्रँकवर अडकवणाऱ्या लोखंडी चावीची खाच झिजते, पुली डुगडुगायला लागते, टायमिंग सरकतं आणि एक दिवस क्रँकच निकामी होतो. तुमचा कोणता हे ओळखायला इंजिन खोलावं लागत नाही. समोरून पुलीकडे बघा: चार खाचा म्हणजे आखूड टोक, आठ खाचा म्हणजे लांब. एक्सोसेटला बॉनेट जवळजवळ नसल्याने टॉर्च मारून उकिडवं बसलं की मोजता येतात.

माझ्या पुलीला चार होत्या. आणि ती डुगडुगत होती.

नवं म्हणजे नेमकं कोणतं इंजिन घ्यावं?

माझ्दाच्या याच घराण्यातलं १.८, १८३९ सीसी. त्याच्या तीन पिढ्या आहेत. १९९४ ते ९७ चं पहिलं, कॉम्प्रेशन ९.०. मग दुसऱ्या पिढीच्या गाडीतलं, हेडवर बीपी-४डब्ल्यू लिहिलेलं, कॉम्प्रेशन ९.५ आणि हेडमधले मार्ग बरेच सुधारलेले. आणि २००१ ते २००५ चं व्हीव्हीटी: कॉम्प्रेशन १०.०, इनटेकच्या झडपा उघडणारा कॅमशाफ्ट चालता चालता पुढेमागे सरकवण्याची सोय, १४५ च्या आसपास अश्वशक्ती.

अश्वशक्तीच्या आकड्यावर फार भाळू नका. अमेरिकेत २००१ च्या मॉडेलला माझ्दाने १५५ चा दावा केला, मग तो १४२ वर आणला आणि नाराज गिऱ्हाइकांना गाडी परत घेण्याची तयारी दाखवली. खरा फरक टॉर्कमध्ये आहे: १.६ चा सुमारे १३५ न्यूटन मीटर, व्हीव्हीटीचा १६८. साडेसहाशे किलोच्या गाडीत तिसऱ्या गिअरमधून वळणाबाहेर पडताना हा फरक पाठीला कळतो.

कमीत कमी कटकट हवी असेल तर बीपी-४डब्ल्यू. तेलाची जादा नळी नाही, सरकता कॅम नाही. मी व्हीव्हीटी घेतलं कारण ते सहज मिळालं. इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात. त्याने या गाड्यांचे सिल (दाराखालच्या पत्र्याच्या पेट्या) आणि पुढचे चॅसिस रेल कुजून जातात, आत इंजिन मात्र ठणठणीत असतं.

नुसतं इंजिन घ्यावं की अख्खी गाडी?

अख्खी गाडी. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

मी आधी नुसतं इंजिन घेतलं होतं. एका भंगार यार्डाने "सगळं पूर्ण आहे" म्हणून पॅलेटवर बांधून पाठवलं. प्लास्टिक फाडून बघतो तर वायरिंग प्रत्येक सेन्सरपासून वीतभर अंतरावर कटरने छाटलेलं. ब्लॉककडून हेडकडे तेल नेणारी व्हीव्हीटीची नळी गायब. इसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) नाही, चावी नाही, क्रँक सेन्सरची जागा रिकामी. एकेक वस्तू शोधत बसलो तेव्हा कळलं की सुटे भाग मिळून इंजिनाच्या दुप्पट खर्च होणार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

शेवटी एमओटीत (इथल्या वार्षिक वाहन तपासणीत) गंजामुळे नापास झालेली, पण स्वतःच्या चाकांवर चालत येणारी २००२ ची गाडी घेतली. फायदा बघा: इंजिन काढण्याआधी ते चालवून बघता आलं. गरम झाल्यावर धूर येतो का, टॅपेट वाजतात का, चेक इंजिनचा दिवा लागतो का, हे सगळं समजलं. वायरिंगचा एकेक कनेक्टर जागेवर असतानाच त्याला कागदी चिठ्ठी लावली. काम झाल्यावर सीट, दिवे, चाकं, हार्डटॉप विकले आणि बरेचसे पैसे परत आले. ते पहिलं इंजिन मी निम्म्या किमतीत दुसऱ्या एकाला विकलं, काय काय नाही याची यादी हातात देऊन.

जागेवर बसतं का? वेल्डिंग करावं लागतं का?

बसतं. वेल्डिंग नाही. एकाच घराण्यातली इंजिनं आहेत, गिअरबॉक्सकडचे बोल्ट जुळतात आणि एक्सोसेटमध्ये एमएक्स-५ चीच सबफ्रेम असते. मी आणि कोल्हापूरचा एक मित्र, दोघांनी भाड्याच्या इंजिन क्रेनवर एका शनिवारी जुनं काढलं आणि रविवारी नवं लोंबकळत ठेवून जागेवर उतरवलं. बॉनेट, पंखे, फेंडर आड येत नसल्याने बंदिस्त गाडीपेक्षा हे फार सोपं.

एसी आणि पॉवर स्टीअरिंगचे ब्रॅकेट काढून टाका. त्यांचा पट्टा गेला की फक्त अल्टरनेटर आणि वॉटर पंपाचा पट्टा उरतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड १.८ चाच ठेवा आणि पुढचा पाइप तुमच्या सायलेन्सरला जुळवून घ्या. इथे मात्र एखाद्या पाइपवाल्याचा अर्धा दिवस लागतो.

क्लच आणि गिअरबॉक्स?

१.६ चा क्लच २०० मिलिमीटरचा, १.८ चा २१५. नव्या इंजिनाचं फ्लायव्हील आणि त्याच्याबरोबरचा क्लच घ्या. जुन्या पाच गिअरच्या गिअरबॉक्सवर तो नीट बसतो आणि स्पीडोमीटरची केबलही तशीच चालत राहते.

डोनरमध्ये सहा गिअरचा गिअरबॉक्स आहे. तोच का नको?

जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो, कारण सहा म्हणजे पाचापेक्षा जास्त. आकडे मांडून बघू.

पाच गिअरवाल्याचा पहिला गिअर ३.१३६, पाचवा ०.८१४. सहावाल्याचा पहिला ३.७६०, सहावा ०.८४३. म्हणजे सहावा गिअर पाचव्यापेक्षा लांब नाही, उलट किंचित आखूडच आहे. हा गिअरबॉक्स माझ्दाने ३.६३६ च्या डिफरन्शियलशी जोडी लावून दिला होता. १.६ च्या गाडीत डिफ ४.३० चं. गुणाकार करा: पहिल्या गिअरला एकूण १६.२ येतात, तर पाचवाल्याला १३.५. इतक्या हलक्या गाडीत असा पहिला गिअर सिग्नलवरून निघताना डोळ्यांची पापणी लवेपर्यंत संपतो. आणि मोटरवेवर सहाव्यातही इंजिन पाचवाल्यापेक्षा जास्तच ओरडतं, तेही उघड्या गाडीत.

सहा गिअर हवेच असतील तर ३.६३६ चं डिफही बरोबर आणा. नाहीतर जुना पाचाचाच ठेवा.

जुनं डिफ टिकेल?

१.६ च्या डिफमधली क्राउन गिअर सहा इंची, नंतरच्यांत सात इंची. जड एमएक्स-५ मध्ये जास्त ताकदीखाली सहा इंची डिफ दात टाकतं. हलक्या गाडीत त्याला जास्त आयुष्य मिळतं आणि माझं अजून शाबूत आहे. ट्रॅकवर स्लिक टायर लावून जाणार असाल तर १.८ चं डिफ, त्याचे हाफशाफ्ट आणि प्रॉपशाफ्ट असा संच एकदमच बदला. यातलं एकेक करून चालत नाही, जोड जुळत नाहीत.

वायरिंगचं काय? सगळे तिथेच अडकतात.

खरं आहे. माझ्या हिशेबात इंजिन दोन दिवस, वायरिंग सात आठवडे. थोडं सविस्तर सांगतो.

१.६ ला हवा मोजायला हवेच्या झोताने उघडणारी झडप असलेला मोठा डबा आहे आणि टायमिंगसाठी कॅमशाफ्टच्या टोकावर बसणारा एकच सेन्सर. व्हीव्हीटीला हवा मोजायला तापलेली तार, क्रँकसाठी वेगळा सेन्सर, कॅमसाठी वेगळा, शिवाय कॅम सरकवणारा सोलेनॉइड. जुन्या इसीयूला ही भाषाच समजत नाही. म्हणून रस्ते दोन.

पहिला: डोनरचा इसीयू, पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा), चावी आणि कुलपाभोवतीची चिप वाचणारी रिंग हे सगळं एकत्र उचलायचं. चावीतल्या चिपशी इसीयू बांधलेला असेल तर यातला एक तुकडा राहिला की इंजिन गरगर फिरतं, पण पेटत नाही. मग त्या हार्नेसमधून खिडक्या, एअरबॅग, एसी यांच्या वायरी सोलून काढायच्या. हे जेवणाच्या टेबलावर करायचं काम आहे. आमच्याकडे तीन रविवार आम्ही जमिनीवर बसून जेवलो.

दुसरा: मेगास्क्वर्टसारखा बाहेरचा इसीयू. मी हा घेतला. हवेचा मीटर लागत नाही, मॅनिफोल्डमधला दाब आणि हवेचं तापमान यांवरून पेट्रोल ठरतं. हार्नेस स्वतः बनवायचा असल्यामुळे नको ती एकही वायर गाडीत राहत नाही. पण मॅपिंग आलं, म्हणजे किती पेट्रोल आणि कधी ठिणगी हे इसीयूला शिकवणं, आणि त्यासाठी गाडी रोलरवर चालवून मोजायच्या रोलिंग रोडचा खर्च आला. आणि "अजून थोडं सुधारू" म्हणत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसण्याचं व्यसन लागतं.

दोन्ही रस्त्यांवर एक खड्डा सारखाच. १.६ च्या कॉइलला वेगळा इग्नायटर आहे, नव्या कॉइलमध्ये तो आतच असतो. नवी कॉइल जुन्या इग्नायटरमधून जोडू नका. आणि इंजिनापासून चॅसिसला जाणारी अर्थची जाड पट्टी नवीन घाला, दोन्ही टोकांचा रंग खरवडून. सात आठवड्यांपैकी दीड आठवडा मी एका सेन्सरचं भूत शोधत होतो. ते भूत म्हणजे पावडर कोटिंगवर बसवलेली अर्थची रिंग निघाली.

व्हीव्हीटी जोडलीच नाही तर चालेल?

चालेल. सोलेनॉइडला वीज मिळाली नाही की कॅम मागच्या जागी पडून राहतो आणि इंजिन साध्या १.८ सारखं चालतं. मीही पहिले दोन महिने तसंच चालवलं. मधल्या आरपीएममधला जोर मात्र व्हीव्हीटी जागी झाल्यावरच येतो. तेलाची नळी कोणत्याही परिस्थितीत जोडायचीच.

पेट्रोलची लाइन बदलावी लागते?

इथे गफलत झाली तर इंजिन जातं, म्हणून नीट वाचा. पहिल्या पिढीत पेट्रोल टाकीतून रेलपर्यंत (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीपर्यंत) येतं, जास्तीचं परत जातं, दाब साधारण ३ बार. दुसऱ्या पिढीत परतीची नळी नाही, रेग्युलेटर टाकीतच आहे आणि दाब साधारण ४ बार. तुमच्या एक्सोसेटची टाकी आणि पंप जुने, रेल मात्र नवी. जुन्या दाबावर नव्या इसीयूचा मॅप चालवला तर मिश्रण पातळ होतं आणि भर थ्रॉटलला पिस्टन तापतात.

मी पंप आणि रेलच्या मध्ये वेगळा रेग्युलेटर बसवला. त्याचं एक तोंड रेलकडे, एक परतीच्या नळीकडे, वर दाबाचा छोटा गेज. सांधे सगळे इंजेक्शनच्या दाबाला चालणाऱ्या नळीचे आणि त्याच नळीच्या क्लिपांचे. कार्ब्युरेटरची नळी घरात पडली आहे म्हणून वापरू नका. उघड्या गाडीत तुमच्या गुडघ्यापासून ती हातभर अंतरावर असते.

पाणी मागच्या बाजूने फिरवावं असं लोक सांगतात. खरंच गरज आहे?

हे इंजिन मुळात पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीतलं. तिथे पाणी पुढून आत यायचं आणि हेडच्या मागच्या टोकाने बाहेर पडायचं. एमएक्स-५ मध्ये इंजिन उभं बसवताना बाहेर पडायचं तोंडही पुढेच आणलं गेलं, त्यामुळे मागच्या सिलिंडरांपाशी पाणी तुलनेने सुस्त राहतं. थर्मोस्टॅट मागे नेऊन तिथून रेडिएटरला लांब नळी काढली की हा दोष जातो. साध्या रस्त्यावरच्या एक्सोसेटला याची सक्ती नाही. पण एमएक्स-५ मध्ये हे करायला फायरवॉलशी झटापट करावी लागते आणि इथे तो भाग उघडा आहे. इंजिन बाहेर असतानाच करून टाका, दोन तासांचं काम.

ऑइल प्रेशरचा काटा नव्या इंजिनावर एकदम टोकाला जाऊन बसला. बिघाड?

नाही. सुरुवातीच्या एमएक्स-५ चा गेज खरा, म्हणजे दाब मोजणारा. १९९५ पासून तो शोभेचा झाला: दाब आहे किंवा नाही एवढंच सांगणारा स्विच. नव्या इंजिनावर तो स्विच आहे आणि तुमचा डायल जुना. जुन्या इंजिनावरचा डब्यासारखा सेंडर काढून नव्यावर लावा. इनटेकच्या खाली, हात जेमतेम जाईल अशा जागी असतो तो, म्हणून इंजिन बाहेर असतानाच.

इंजिन बाहेर आहेच, तर आणखी काय बदलू?

टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचं पुढचं आणि मागचं सील, हेडच्या मागच्या पाण्याच्या नळ्या, फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग. इनटेक मॅनिफोल्डमध्ये थंड स्टार्टसाठी फुलपाखरासारख्या झडपा असतील तर त्यांचे स्क्रू तपासा. ढिला झालेला स्क्रू सरळ सिलिंडरमध्ये जातो. टॅपेटना हात लावायची गरज नाही. जुन्या १.६ चे हायड्रॉलिक टॅपेट सकाळी टकटक करायचे, नव्यात सॉलिड आहेत.

पहिल्यांदा चालू करताना काय करावं?

प्लग काढा, इंजेक्टरचा फ्यूज काढा, आणि स्टार्टरने नुसतंच फिरवा, दहा दहा सेकंद, मध्ये थांबत. माझ्या गाडीचं तिसरं आवर्तन चाललं होतं. नोव्हेंबरचा गारठा, गॅरेजमध्ये एकच दिवा. मित्र डायलवर नाक टेकवून बसलेला. "अरे, हलला! काटा हलला बघ!" तो ओरडला आणि मी किल्ली सोडली. तोवर तेल वरपर्यंत पोचलं होतं. मग प्लग घातले, फ्यूज घातला आणि चौथ्या प्रयत्नाला इंजिन पेटलं. एक्झॉस्टचा पुढचा पाइप अजून जोडायचा राहिला होता हे आम्हाला तेव्हा आठवलं, आणि शेजाऱ्यांनाही.

कागदपत्रं काय लागतात?

ब्रिटनमध्ये इंजिन नंबर आणि सीसी बदलले की व्ही५सी (गाडीचं नोंदणीपत्र) डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याकडे पाठवून दुरुस्त करून घ्यायचं. बरोबर पुरावा लागतो: इंजिन खरेदीची पावती किंवा गॅरेजचं त्यांच्या लेटरहेडवरचं पत्र. रोड टॅक्सबद्दल घाबरू नका. इंजिनाच्या आकारावर कर लागणाऱ्या गाड्यांची सीमा १५४९ सीसी आहे, आणि १५९७ काय, १८३९ काय, दोन्ही तिच्या वरच.

"पुन्हा आयव्हीए (हाताने बांधलेल्या गाडीला रस्त्यावर आणण्याआधीची मान्यता) चाचणी द्यावी लागेल का?" हाही नेहमीचा प्रश्न. डीव्हीएलएच्या २०२५ पर्यंतच्या गुणपद्धतीत चॅसिसला ५, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, ट्रान्समिशन, स्टीअरिंग यांना प्रत्येकी २ आणि इंजिनाला फक्त १ गुण होता. ओळख टिकवायला ८ लागायचे. चॅसिस न कापता नुसतं इंजिन बदललं तर एकच गुण जायचा. इन्शुरन्स कंपनीला मात्र गाडी रस्त्यावर आणण्याआधीच कळवा.

एमओटीला कॅटॅलिस्टवाली तपासणी लागू असेल तर लॅम्ब्डा (हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. मॅप करणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो फक्त अश्वशक्ती काढून देईल.

हे महाराष्ट्रात करता येईल का? पुण्याहून भाचा विचारतोय.

रस्त्यावर चालवायची म्हणून, नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारे बदल मान्य करत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. शिवाय माझ्दाने भारतात एमएक्स-५ विकलेलीच नाही, तर डोनर कुठून आणणार? त्याला सांगा, फायबरची बॉडी आणि लहान इंजिन असलेली दोन सीटची गाडी आपल्याकडे होऊन गेली आहे: सॅन मोटर्सची स्टॉर्म, रेनोच्या १.२ इंजिनाची. एखादी सापडली तर तिला मूळ रूपातच सांभाळ म्हणावं.

ब्रेक वाढवू का?

नाही. पुढच्या २३५ मिलिमीटरच्या डिस्क या वजनाला पुरतात. चांगले पॅड आणि नवीन ब्रेक ऑइल, बस.

जुन्या १.६ चं काय करायचं?

गाडी एमओटी पास होईपर्यंत त्यातला एकही भाग विकू नका, सेंडर, ब्रॅकेट, पुली काहीही. कशाची गरज पडेल सांगता येत नाही. आखूड क्रँकवालं इंजिन कुणी पूर्ण घेत नाही, हेड मात्र जातं. माझं अजून गॅरेजच्या कोपऱ्यात पॅलेटवर आहे, वर जुनी चादर. बायको त्यावर वाळवणाचे डबे ठेवते आणि महिन्यातून एकदा विचारते, हे टेबल कधी जाणार.